राखीव क्वार्टरबॅक ते देशाचा आवाज: कर्क हर्बस्ट्रीटने खेळ समजावण्याची नजर कुठे कमावली

कर्क हर्बस्ट्रीट हे नाव अमेरिकेत कॉलेज फुटबॉल पाहणाऱ्या जवळपास प्रत्येकाला माहीत आहे, पण त्याला खेळताना पाहिलेले लोक त्यात थोडेच सापडतील. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संघात तो पाच वर्षं होता आणि त्यातल्या फक्त शेवटच्या वर्षी, १९९२ मध्ये, तो मुख्य क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचं आक्रमण चालवणारा खेळाडू, होता. त्या मोसमात त्याने पास टाकून सुमारे १,९०० यार्ड मिळवले. त्याच्या थेट गुण मिळवून देणाऱ्या, म्हणजे टचडाउनच्या, पासांपेक्षा प्रतिस्पर्ध्यांनी मध्येच हिसकावलेले पास जास्त होते. व्यावसायिक लीगमधल्या एकाही संघाने त्याची निवड केली नाही. तरीही १९९६ पासून तो ईएसपीएन वाहिनीच्या कॉलेज फुटबॉलचा चेहरा आहे. राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात वर्षानुवर्षं त्याचा आवाज ऐकू येतो, आणि २०२२ पासून ॲमेझॉनवर दाखवल्या जाणाऱ्या गुरुवारच्या व्यावसायिक सामन्यांचं विश्लेषणही तोच करतो.

आपल्याकडे हे सहसा घडत नाही. मुंबईतून समालोचनात गेलेल्या खेळाडूंची नावं आठवून पाहा: सुनील गावसकर, रवी शास्त्री, संजय मांजरेकर. सगळे भारताकडून कसोटी खेळलेले. अमेरिकेतही मोठे खेळाडू माइकसमोर येतातच, पण कॉलेज फुटबॉलच्या समालोचन कक्षात बेताचं यश मिळालेले क्वार्टरबॅक इतक्या संख्येने दिसतात की तो योगायोग वाटत नाही. माझ्या मते त्याचं कारण त्या जागेवरच्या कामात आहे, आणि ते समजलं की हर्बस्ट्रीटचा प्रवास चमत्कारिक वाटत नाही.

आधी खेळ थोडक्यात. मैदान शंभर यार्डांचं, दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. चेंडू ज्या संघाकडे आहे त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. जमलं तर नवे चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू दुसऱ्या संघाकडे जातो. या प्रत्येक प्रयत्नाला डाउन म्हणतात. चेंडू समोरच्या टोकाच्या पट्ट्यात पोहोचवला की टचडाउन, म्हणजे सहा गुण. त्यानंतर लाथेने चेंडू खांबांमधून पाठवून आणखी एक गुण घेता येतो, किंवा दोन गुणांसाठी पुन्हा एकदा पट्ट्यात घुसायचा प्रयत्न करता येतो. टचडाउन जमत नसेल तर लांबूनच लाथ मारून तीन गुणांचा फील्ड गोल. खेळ सलग चालत नाही. पाच-सहा सेकंदांची झटापट होते, मग जवळपास अर्ध्या मिनिटाची उसंत, मग पुन्हा झटापट. ही उसंत लक्षात ठेवावी, कारण विश्लेषकाचं सगळं काम तिच्यातच होतं.

क्वार्टरबॅक म्हणजे दर डाउनला चेंडू हातात घेऊन पुढे काय करायचं ते ठरवणारा खेळाडू. टीव्हीवर आपल्याला दिसतो तो त्याचा हात आणि लांब गेलेला पास. पण त्याचं निम्मं काम चेंडू हातात येण्याआधीच उरकलेलं असतं. मधला खेळाडू पायांमधून चेंडू मागे देतो, त्या क्षणाला स्नॅप म्हणतात. स्नॅपच्या आधी काही सेकंद क्वार्टरबॅक समोरच्या अकरा बचावपटूंकडे बघत उभा असतो. सर्वांत आधी त्याची नजर जाते ती सगळ्यांत मागे उभ्या असलेल्या सेफ्टींकडे. दोघे मैदान वाटून घेऊन उभे आहेत की एकच मधोमध आहे? दोघे मागे असतील तर पुढे माणसं कमी, म्हणजे चेंडू घेऊन पळायला वाव आहे. एकच मागे असेल तर पुढे गर्दी आहे, पण कडेने लांबचा पास जमू शकतो. मग तो आपल्याच एका खेळाडूला स्नॅपआधी आडवं पळायला लावतो. समोरचा बचावपटू त्याच्याबरोबर निघाला, तर बहुधा प्रत्येकाने एकेक माणूस धरलेला आहे. कोणीच हललं नाही, तर बहुधा प्रत्येकजण आपापली जागा राखतो आहे. बचावाच्या पहिल्या रांगेमागे मधोमध उभ्या असलेल्या लाइनबॅकरकडे बोट दाखवून तो ओरडून सांगतो, म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या पाच धिप्पाड खेळाडूंना कोणी कोणाला अडवायचं ते कळतं. बाजूचा एखादा बचावपटू टाचा उचलून उभा असेल तर तो थेट अंगावर येणार का, हेही ताडायचं असतं. अशा अंगावर येण्याला ब्लिट्झ म्हणतात.

समोरचे लोकही भोळे नसतात. दोन सेफ्टी दाखवायचे आणि स्नॅप होताच एकाने पुढे धावायचं, असली फसवणूक दर डाउनला चालते. म्हणजे क्वार्टरबॅकने स्नॅपआधी बांधलेला अंदाज स्नॅपनंतरच्या पहिल्या दोन पावलांत तपासायचा, चुकला असेल तर टाकून द्यायचा आणि मग पहिला रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा खेळाडू, दुसरा, तिसरा अशा ठरलेल्या क्रमाने नजर फिरवत पास टाकायचा. यासाठी त्याला अडीच ते तीन सेकंद मिळतात. त्यानंतर कोणीतरी शंभर-सव्वाशे किलोचा माणूस त्याच्यापर्यंत पोहोचलेला असतो.

आता राखीव क्वार्टरबॅकचा विचार करा. हे सगळं त्यालाही मुख्य खेळाडूइतकंच यावं लागतं, कारण पुढच्याच डाउनला कोणाचा गुडघा दुखावेल ते सांगता येत नाही. आठवडाभर तो त्याच बैठकांना बसतो, प्रतिस्पर्ध्यांच्या त्याच चित्रफिती पुन्हापुन्हा पाहतो. सरावात तर त्याच्यावर आणखी एक काम पडतं: येत्या शनिवारच्या प्रतिस्पर्ध्याचा क्वार्टरबॅक बनून आपल्याच बचावपटूंना सराव द्यायचा. दर आठवड्याला नवा संघ, नवी पद्धत. आणि शनिवारी तो मैदानाच्या कडेला उभा राहून हे सगळं समोर घडताना बघतो. अंगावर कोणी धावून येत नाही, त्यामुळे बघायला वेळ मिळतो. मैदानाच्या कडेला उभं राहण्याची ही वर्षं वाया गेली असं खेळाडूला वाटतं, आणि त्या वयात दुसरं काही वाटणं कठीणच. पण खेळ दुसऱ्याला समजावून सांगायचा असेल तर यापेक्षा चांगली शाळा मला माहीत नाही.

हर्बस्ट्रीट या शाळेत कसा पोहोचला ते बघू. त्याचा जन्म १९६९ चा, ओहायो राज्यात डेटन शहराजवळच्या सेंटरव्हिल गावात तो वाढला. त्याचे वडील जिम हर्बस्ट्रीट १९६० मध्ये ओहायो स्टेटच्या दोन कर्णधारांपैकी एक होते. वुडी हेज या दरारा असलेल्या प्रशिक्षकाच्या हाताखाली ते खेळले आणि पुढे त्याच संघात सहप्रशिक्षकही झाले. अशा घरातला मुलगा दुसऱ्या विद्यापीठाचा विचार करणं अवघडच. शाळेत असताना कर्क राज्यातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक गणला जात होता. त्याला संघात घ्यायला आलेले प्रशिक्षक होते अर्ल ब्रूस. पण १९८७ च्या मोसमाअखेर विद्यापीठाने ब्रूस यांना काढलं आणि कर्क कॉलेजात दाखल झाला तेव्हा संघ जॉन कूपर यांच्या हातात होता.

प्रशिक्षक बदलणं म्हणजे काय, हे बाहेरून लवकर कळत नाही. ज्याने तुम्हाला निवडलं तो गेला, आणि नव्या माणसाने तुमच्यावर काहीच डाव लावलेला नाही. कूपर यांच्याकडे ग्रेग फ्राय हा अनुभवी क्वार्टरबॅक होता आणि तो १९९० पर्यंत खेळला. १९९१ मध्ये जागा केंट ग्रॅहमला मिळाली, जो पुढे व्यावसायिक लीगमध्येही गेला. हर्बस्ट्रीट थांबला. नियमानुसार खेळाडूला पाच वर्षांत चार मोसम खेळता येत, आणि न खेळता घालवलेल्या वर्षाला रेडशर्ट म्हणतात. त्या काळात दुसऱ्या विद्यापीठात जायचं तर तिथे आधी एक वर्ष बाहेर बसावं लागे, म्हणून बहुतेक मुलं थांबतच.

पाचव्या वर्षी जागा मिळाली, आणि त्याबरोबर वडिलांसारखं कर्णधारपदही. स्टीव्ह टोव्हार हा बचावपटू त्याच्या जोडीला दुसरा कर्णधार होता. संघाने त्या मोसमात आठ सामने जिंकले, तीन हरले आणि एक बरोबरीत सोडवला. ती बरोबरी सांगण्यासारखी आहे.

ओहायो स्टेट आणि मिशिगन यांचं वैर १८९७ पासूनचं. दोन्ही राज्यांत नोव्हेंबर अखेरच्या त्या सामन्यावरून वर्षभराची प्रतिष्ठा ठरते. शिकायला किंवा नोकरीला ओहायो स्टेटच्या कोलंबसला नाही तर मिशिगनच्या ॲन आर्बरला गेलेल्या मराठी मुलांनाही हे पहिल्याच वर्षी कळतं, कारण त्या शनिवारी दुकानं ओस पडतात आणि लग्नाच्या तारखासुद्धा तो दिवस टाळून काढल्या जातात. कूपर यांच्या काळात ओहायो स्टेट मिशिगनकडून सलग चार वर्षं हरला होता. २१ नोव्हेंबर १९९२ ला पाचव्या पराभवाची तयारी झाली होती, मिशिगन दहा गुणांनी पुढे होता. हर्बस्ट्रीटने त्या दिवशी ४७ पास टाकले, त्यातले २८ पोहोचले आणि २७१ यार्ड मिळाले. शेवटच्या सत्रात आधी फील्ड गोल झाला. मग चौथ्या, म्हणजे शेवटच्या डाउनला त्याने ग्रेग बीटीला टचडाउनचा पास दिला. वरच्या एका गुणासह १३-१३ अशी बरोबरी झाली. तेव्हा कॉलेज फुटबॉलमध्ये जादा वेळ नव्हता, तो १९९६ मध्ये आला. त्यामुळे सामना तिथेच संपला. विद्यापीठाचे अध्यक्ष गॉर्डन गी यांनी ही बरोबरी म्हणजे आमच्या सर्वांत मोठ्या विजयांपैकी एक आहे असं म्हटलं, आणि त्यावरून त्यांना नंतर कितीतरी वर्षं ऐकावं लागलं. पण चार वर्षांच्या पराभवानंतर तिथल्या लोकांना काय वाटत होतं ते त्या बोलण्यात नेमकं उतरलं आहे.

१ जानेवारी १९९३ ला ऑरलँडोत सिट्रस बाउल नावाच्या सामन्यात जॉर्जियाकडून २१-१४ असा पराभव झाला आणि हर्बस्ट्रीटचं खेळणं संपलं. त्या वर्षी व्यावसायिक लीगने नवे खेळाडू निवडण्याच्या फेऱ्या १२ वरून ८ वर आणल्या होत्या. एकूण २२४ खेळाडू निवडले गेले, सर्वांत पहिला ड्रू ब्लेडसो आणि दुसरा रिक मायरर, दोघेही क्वार्टरबॅक. हर्बस्ट्रीटचं नाव त्या यादीत नव्हतं. यात अपवादात्मक काही नाही. कॉलेजात खेळणाऱ्या शंभर मुलांपैकी दोघांच्याही वाट्याला व्यावसायिक संघाची निवड येत नाही. बाकीचे पदवी घेतात आणि नोकरी शोधतात. त्याच्याकडे व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी होती, म्हणजे विक्रीसारख्या क्षेत्रात चांगल्या पगाराची वाट मोकळी होती. त्याने कोलंबसच्या रेडिओवर खेळांविषयी बोलण्याचं काम घेतलं.

इथे योगायोगही त्याच्या बाजूने आला, आणि तो १९८४ मधल्या न्यायालयीन निकालामुळे. त्याआधी विद्यापीठांच्या खेळांवर देखरेख करणारी एनसीएए ही संस्थाच ठरवत असे की मोसमात किती सामने टीव्हीवर दाखवायचे आणि कोणाचे. सामने जास्त दाखवले तर लोक मैदानात येणार नाहीत, ही तिची भीती. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी त्याविरुद्ध दावा लावला, आणि जून १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी सांगितलं की असं नियंत्रण म्हणजे स्पर्धेला बेकायदा आळा घालणं आहे. त्या दिवसापासून विद्यापीठं आणि त्यांचे गट आपले सामने स्वतः विकू लागले. ईएसपीएन १९७९ मध्ये सुरू झालेली, दिवसाचे चोवीस तास भरायला तिला सामने हवेच होते. काही वर्षांतच शनिवारी दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत सामने दिसू लागले. प्रत्येक सामन्याला एक समालोचक लागतो आणि एक विश्लेषक. इतके विश्लेषक आणायचे कुठून? नावाजलेले खेळाडू पुरणार नव्हते. समजावून सांगता येणारे हवे होते.

ईएसपीएनचा कॉलेज गेमडे हा सामन्यांआधीचा कार्यक्रम १९८७ पासून स्टुडिओत व्हायचा. नोव्हेंबर १९९३ मध्ये नोत्र दाम विरुद्ध फ्लोरिडा स्टेट या मोठ्या सामन्यासाठी तो पहिल्यांदा थेट मैदानाबाहेर नेला, आणि लोकांची गर्दी पाहून पुढे दर आठवड्याला वेगळ्या विद्यापीठात जाऊ लागला. सूत्रसंचालक ख्रिस फाउलर, आणि जोडीला ली कोर्सो हे जुने प्रशिक्षक. तिसरे विश्लेषक क्रेग जेम्स बाहेर पडल्यावर १९९६ मध्ये त्या खुर्चीवर हर्बस्ट्रीट आला. तेव्हा तो २६-२७ वर्षांचा होता. त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला, कोलंबसमध्येच, कोर्सो यांनी ओहायो स्टेटच्या शुभंकराचं मोठं डोकं स्वतःच्या डोक्यावर चढवून आपला कौल जाहीर केला. ती पुढे त्यांची दर शनिवारची प्रथा झाली. २००९ मध्ये कोर्सो यांना पक्षाघाताचा झटका आला. बोलायला अडचण येऊ लागली, तरी ते कार्यक्रमात परतले, आणि शेजारी बसलेल्या हर्बस्ट्रीटने त्यांना पुढची सोळा वर्षं सांभाळून घेतलं: वाक्य अडलं की हळूच दुवा द्यायचा, वेळ संपत आली की अलगद विषय पुढे न्यायचा. ३० ऑगस्ट २०२५ ला, पुन्हा कोलंबसमध्येच, कोर्सो यांनी नव्वदाव्या वर्षी निरोप घेतला. विश्लेषकाचं मोल अंदाज किती बरोबर आले त्यावर लोक ठरवतात. मला मात्र हर्बस्ट्रीटविषयी सर्वांत जास्त आदर याच गोष्टीमुळे वाटतो.

समालोचन कक्षात नेमकं काय चालतं, ते आता बघू. तिथे दोन मुख्य आवाज असतात. समालोचक सांगतो काय घडतंय: चेंडू कोणाकडे, किती यार्ड, कितवा डाउन. विश्लेषकाने सांगायचं असतं का घडलं. त्याला वेळ मिळतो तो फक्त डाउन संपल्यापासून पुढच्या स्नॅपच्या जरा आधीपर्यंत. त्यातही निर्मात्याचा आवाज कानात चालू असतो, कोणत्या कोनातून पुन्हा दाखवणार ते तो सांगतो, आणि विश्लेषकाने बोलत बोलतच त्या चित्राशी जुळवून घ्यायचं. स्नॅप व्हायच्या आत वाक्य संपलं पाहिजे, कारण त्यानंतरचे क्षण समालोचकाचे. नवख्या विश्लेषकाचं वाक्य नेमकं टचडाउनच्या वेळी अर्धवट लोंबकळतं, आणि ते प्रेक्षकाला लगेच खटकतं.

म्हणजे विश्लेषकाला काय हवं? समोरच्या बावीस जणांकडे एकाच वेळी बघण्याची सवय, घाईत निर्णय घेण्याची सवय, आणि आपला अंदाज चुकला तर तो लगेच सोडून देण्याची तयारी. अडवणाऱ्या रांगेत खेळलेला माणूस समोरच्या एका प्रतिस्पर्ध्याबद्दल अफाट जाणतो, पण मागे काय चाललं होतं ते त्याने खेळताना पाहिलेलंच नसतं. क्वार्टरबॅकला मात्र दोन्ही संघांतल्या प्रत्येकाचं काम माहीत असावं लागतं. टोनी रोमोने हे सर्वांत ठळकपणे दाखवलं. ईस्टर्न इलिनॉय या लहान विद्यापीठातून आलेला, निवड न झालेला, तरी डॅलसच्या संघात वर्षानुवर्षं खेळलेला हा क्वार्टरबॅक २०१७ मध्ये सीबीएस वाहिनीवर आला आणि स्नॅपच्या आधीच चेंडू कुठे जाणार ते सांगू लागला. जानेवारी २०१९ च्या न्यू इंग्लंड विरुद्ध कॅन्सस सिटी सामन्यानंतर लोक त्याला ज्योतिषी म्हणू लागले. तो दर स्नॅपआधी सेफ्टींकडे बघत होता, दुसरं काही नाही.

रोमोची पद्धत मला आवडते, पण हर्बस्ट्रीटची जास्त उपयोगी वाटते. तो भाकीत करण्याऐवजी कारणं दाखवतो. पास हिसकावला गेला की दोष क्वार्टरबॅकचा असं आपण धरून चालतो. तो तोच क्षण पुन्हा दाखवून रिसीव्हर दोन पावलं आधीच वळला, किंवा डावीकडचा अडवणारा मागे ढकलला गेल्यामुळे पास टाकणाऱ्याला पाय रोवताच आला नाही, हे बोटाने दाखवतो. हे यायला तयारी लागते. सामन्याआधीच्या दिवसांत दोन्ही संघांच्या चित्रफिती बघायच्या, प्रशिक्षकांशी बैठका करायच्या. गुरुवारी रात्री एका शहरात व्यावसायिक सामना, शनिवारी सकाळी दुसऱ्या शहरात गेमडे, त्याच रात्री बऱ्याचदा तिसऱ्या ठिकाणी मुख्य सामना, असा त्याचा आठवडा असतो.

या कामात एक अडचण मात्र क्वार्टरबॅकच्या शाळेत शिकवली जात नाही. ज्या संघासाठी खेळलो, वडील खेळले, त्याच्याबद्दल बोलताना समतोल कसा ठेवायचा? ओहायो स्टेटच्या चाहत्यांना हर्बस्ट्रीट आपला माणूस वाटायचा आणि त्याने संघावर टीका केली की तो फितूर ठरायचा. त्यातल्या काहींचा त्रास इतका वाढला की २०११ मध्ये त्याने कुटुंबासह कोलंबस सोडलं आणि टेनेसीतल्या नॅशव्हिलला घर केलं. त्रास देणारे थोडेच आहेत, हे त्याने तेव्हाही स्पष्ट सांगितलं होतं. जिथे वडिलांचं नाव कर्णधारांच्या यादीत आहे, तिथून फक्त कामाशी प्रामाणिक राहिल्याबद्दल निघून जावं लागणं मला अजूनही अस्वस्थ करतं. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये ओहायो स्टेट मिशिगनकडून १३-१० असा हरला आणि चाहते प्रशिक्षक रायन डे यांच्यावर तुटून पडले, तेव्हा हर्बस्ट्रीटने प्रक्षेपणातच त्या चाहत्यांना खडे बोल सुनावले. त्याच संघाने २० जानेवारी २०२५ ला नोत्र दामला ३४-२३ असं हरवून अजिंक्यपद जिंकलं, आणि त्या सामन्याचा विश्लेषकही तोच होता.

त्याच्या चुकाही झाल्या. १ डिसेंबर २००७ च्या सकाळी त्याने गेमडेवर बातमी दिली की एलएसयूचे, म्हणजे लुइझियाना स्टेट विद्यापीठाचे, प्रशिक्षक लेस माइल्स मिशिगनला जात आहेत. त्या दिवशी एलएसयूचा महत्त्वाचा सामना होता. माइल्स यांनी सामन्याआधीच पत्रकारांसमोर उभं राहून चिडून इन्कार केला, सामना जिंकला, एलएसयूतच राहिले आणि महिनाभराने अंतिम सामन्यात हरवलं ते ओहायो स्टेटलाच. डिसेंबर २०२० मध्ये, मिशिगन करोनाचं निमित्त करून ओहायो स्टेटविरुद्धचा सामना टाळेल अशी शंका त्याने पुराव्याशिवाय बोलून दाखवली आणि त्याच रात्री माफी मागितली. दोन्ही वेळा तो विश्लेषकाचं काम सोडून बातमीदाराच्या कामात शिरला होता. मैदानावर जे दिसतं त्याचा अर्थ लावणं आणि बंद दाराआड काय ठरलं ते शोधणं ही वेगळी कौशल्यं आहेत, आणि दुसऱ्याचं शिक्षण राखीव बाकावर मिळत नाही.

इतर विश्लेषकांतही हाच साचा दिसतो. फॉक्स वाहिनीचा मुख्य विश्लेषक जोएल क्लॅट कोलोरॅडोचा क्वार्टरबॅक होता. तो आधी व्यावसायिक बेसबॉलमध्ये नशीब अजमावून मग शिष्यवृत्तीशिवाय संघात शिरला. अलाबामाला जानेवारी २०१० मध्ये अजिंक्यपद मिळवून देणारा ग्रेग मॅकेलरॉय व्यावसायिक लीगमध्ये थोडाच काळ टिकला आणि २०१४ पासून टीव्हीवर आहे. सीबीएसवर वर्षानुवर्षं दक्षिणेतल्या विद्यापीठांचे सामने समजावणारे गॅरी डॅनियलसन पर्ड्यू विद्यापीठाचे क्वार्टरबॅक. आणि १२ जानेवारी २०१५ चा अंतिम सामना तर या सगळ्याचं उत्तम उदाहरण आहे. ओहायो स्टेटचा पहिला क्वार्टरबॅक मोसमाआधीच जायबंदी झाला, दुसरा मिशिगनविरुद्ध. तिसऱ्या क्रमांकाच्या कार्डेल जोन्सने विस्कॉन्सिन, अलाबामा आणि शेवटी ओरेगनला हरवलं, अंतिम सामना ४२-२०. कारकिर्दीतले त्याचे हे पहिले तीनच सामने होते, ज्यांत तो सुरुवातीपासून खेळला. कक्षात बसून तो सामना समजावणारा माणूस त्याच संघाच्या बाकावर चार वर्षं बसलेला होता.

पण ही शाळा आता बदलते आहे. २०१८ मध्ये विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी सुरू झाली, २०२१ पासून एकदा संघ बदलल्यावर वर्षभर बाहेर बसण्याची सक्ती गेली, आणि त्याच वर्षी खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून पैसे कमावण्याची मुभा मिळाली. २०२५ पासून तर विद्यापीठं थेट पैसे देऊ शकतात. चार वर्षं थांबणारा क्वार्टरबॅक आता क्वचितच सापडतो. जागा मिळणार नाही असं दिसलं की तो निघतो. मला हे न्याय्य वाटतं. प्रशिक्षक एका रात्रीत नोकरी बदलू शकत होते आणि मुलांना मात्र वर्षभराची शिक्षा होती, हा नियम कधीच बरोबर नव्हता. जो बरो ओहायो स्टेटच्या बाकावरून उठून २०१८ मध्ये एलएसयूला गेला आणि पुढच्याच वर्षी हाइझमन हा सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार आणि त्या मोसमाचं अजिंक्यपद घेऊन गेला. तो थांबला असता तर हे झालं नसतं. हर्बस्ट्रीटचा धाकटा मुलगाही क्वार्टरबॅक आहे आणि त्याने आजोबा-वडिलांचं ओहायो स्टेट सोडून २०२५ मध्ये मिशिगनचा संघ निवडला. पुढच्या पिढीतले विश्लेषक एकाच प्रशिक्षकाची योजना पाच वर्षं घोटलेले नसतील. पाच वर्षांत तीन विद्यापीठं आणि तीन वेगळ्या योजना शिकलेले असतील. कदाचित तुलना करून समजावणं त्यांना जास्त चांगलं जमेल.